सांगलीत स्का-पंक बँड कसा उभा करायचा आणि स्टेजवर दणक्यात कसा वाजवायचा

गिटार, बेस आणि ड्रम वाजवणारी पोरं आता सांगली-मिरजेत सहज सापडतात. अडतं ते ट्रंपेट आणि सॅक्सोफोनपाशी. "आपल्याकडं हे कोण वाजवतंय?" असं म्हणून विषय संपतो. खरं तर हेच वादक आपल्याकडे पिढ्यानपिढ्या आहेत. वरातीपुढे चालतात म्हणून आपण त्यांच्याकडे वादक म्हणून बघत नाही, एवढंच. स्का हे जमैकातलं नाचरं संगीत, त्यात पंक म्हणजे वेगवान, दणक्याचं रॉक मिसळलं की स्का-पंक. त्याला नेमके तेच लागतात. म्हणून गिटारवाली पोरं आणि लग्नाचे बँडवाले एका खोलीत कसे बसवायचे, इथून सुरुवात करतो आणि पहिला कार्यक्रम पार पडेपर्यंत जातो. साताऱ्यात किंवा कराडात राहणाऱ्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडेल.

आधी कान तयार करा

स्का जन्मला जमैकातल्या किंग्स्टनमध्ये, १९५०च्या दशकाच्या शेवटी. अमेरिकन रिदम अँड ब्लूज, जॅझ आणि तिथलं मेंटो नावाचं लोकसंगीत यांची ती मिसळण. १९६२ साली जमैका स्वतंत्र झाला तेव्हा गल्लोगल्ली हेच वाजत होतं. १९६४ साली स्कॅटलाइट्स हा बँड उभा राहिला. त्यातला ट्रॉम्बोनवाला डॉन ड्रमंड आणि सॅक्सोफोनवाला टॉमी मॅकूक हे दोघेही अल्फा बॉइज स्कूलमध्ये शिकलेले. ही शाळा कॅथलिक नन्स चालवत आणि गरिबाघरच्या पोरांना बँडमधली वाद्यं शिकवत. म्हणजे तिथंही ट्रंपेट-ट्रॉम्बोन आले ते युनिफॉर्म घालून वाजवणाऱ्या बँडमधूनच. हे आपल्या बँड पार्टीतल्या मास्तरांना आवर्जून सांगा. "आमचं काम नव्हे हे" हा पहिला आक्षेप तिथंच गळून पडतो.

दुसरी लाट इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीची. १९७९ साली जेरी डॅमर्सनं टू टोन हे लेबल काढलं. द स्पेशल्स, द सिलेक्टर अशा बँडमध्ये काळे-गोरे वादक एकत्र होते, आणि स्काला पंकची धार तिथं आली. तिसरी लाट अमेरिकेतली. बर्कलीचा ऑपरेशन आयव्ही १९८७ ते १९८९ एवढाच टिकला, पण पुढच्या सगळ्यांना वाट दाखवून गेला. मग बॉस्टनचे माइटी माइटी बॉस्टोन्स, फ्लोरिडाचे लेस दॅन जेक, कॅलिफोर्नियाचे रील बिग फिश. आपल्या देशात दिल्लीचे स्का व्हेंजर्स ऐका. ऐकताना याच क्रमानं जा. थेट तिसऱ्या लाटेवर उडी मारली की फक्त वेग कानात बसतो आणि बँड पहिल्याच तालमीला पळत सुटतो.

मला जे सांगायचंय ते आत्ताच सांगून टाकतो. या संगीताचा जोर आवाजात नाही आणि वेगातही नाही. तो सूर कुठं तोडता आणि मधे किती जागा मोकळी सोडता, त्यात आहे. पुढं जे काही लिहिलंय ते सगळं त्यासाठीच.

माणसं जमवणं

ड्रम, बेस, गिटार, गायक आणि फुंकीची किमान दोन वाद्यं. तीन असली तर मजा वेगळीच. ट्रंपेट आणि सॅक्सोफोन बँड पार्टीत मिळतात. ट्रॉम्बोन आपल्या भागात अवघड, पण युफोनियम, म्हणजे बँडमधला जाड आवाजाचा मोठा पितळी कर्णा, मिळतो, आणि तो ट्रॉम्बोनची जागा बऱ्यापैकी भरून काढतो. ट्रॉम्बोनच्या दांडीनं घेतलेली सुरांची घसरण त्यावर येणार नाही, आवाजही जरा मऊ पडतो, पण खालचा भरणा छान होतो. क्लॅरिनेटवाला स्वतःहून आला तर नाही म्हणू नका. मात्र डिस्टॉर्शनच्या, म्हणजे मुद्दाम खरखरीत केलेल्या आवाजाच्या, गिटारपुढं तो ऐकू येणार नाही, त्याला संथ गाणी द्या.

वादकाला परस्पर गाठू नका. आधी बँडच्या मालकाशी बोला. वादक सीझनला बांधलेला असतो, कधी उचल घेतलेली असते. मालकाला वाटलं की तुम्ही माणूस फोडताय, तर पुढचं सगळं बिनसतं. आणि तालमीचेही पैसे द्या. हौस तुमची आहे, त्यांचं ते पोट आहे.

वेळापत्रक पंचांग बघून आखा, हे गमतीनं सांगत नाही. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू झाली की हे लोक तुम्हाला फोनवरसुद्धा मिळणार नाहीत. आषाढी एकादशीनंतर मोकळे होतात. गणपतीत परत सुपाऱ्या. त्यानंतरचा पितृपक्ष हा तालमींसाठी सोन्यासारखा पंधरवडा, कारण कुणाचंच शुभकार्य नसतं. आषाढात ओळख आणि दोन-तीन गाणी, पितृपक्षात रोज तालीम, आणि दिवाळी ते तुळशीचं लग्न या मधल्या दिवसांत पहिला कार्यक्रम, असा बेत बसतो. कॉलेजांची गॅदरिंग जानेवारी-फेब्रुवारीत असतात. तिथं वाजवायचं असेल तर लग्नाच्या तारखा आधी विचारून घ्या.

पट्टी ठरवणं

इथं निम्मे बँड फसतात. गिटारवाल्या पोरांची सगळी गाणी ई नाही तर ए मध्ये असतात, कारण मोकळ्या तारा तिथं हाताशी येतात. पेटीच्या भाषेत पांढरी ३ आणि पांढरी ६. ट्रंपेट हे बी फ्लॅटचं वाद्य आहे. ट्रंपेटवाला स्वतःचा सी वाजवतो तेव्हा पेटीवर काळी ५ ऐकू येते. त्यामुळे तुमचं ई मधलं गाणं त्याला एफ शार्पमध्ये, सहा शार्प (चढे सूर) सांभाळत वाजवावं लागतं. अल्टो सॅक्सोफोन ई फ्लॅटचा, त्याला ते सी शार्पमध्ये, सात शार्पमध्ये पडतं. वेगात हे कुणालाच जमत नाही. आणि नाव मात्र पडतं, "बँडवाल्यांना जमलं नाही."

तर गिटारवाल्यानं हलायचं. काळी ५, पांढरी ४ आणि काळी २ या पट्ट्यांत गाणी बांधा. काळी ५ घेतली की ट्रंपेट सी मध्ये आणि अल्टो जी मध्ये येतो, दोघांच्याही बोटांखालचं. मायनर हवा असेल तर जी मायनर: ट्रंपेटला ए मायनर, अल्टोला ई मायनर. गिटारवर काळी ५चे तीन मुख्य कॉर्ड एकाच जागी मिळतात. सहाव्या फ्रेटवर ई आकाराचा बार (एक बोट सगळ्या तारांवर आडवं दाबून धरलेला कॉर्ड) म्हणजे बी फ्लॅट, त्याच फ्रेटवर ए आकाराचा बार म्हणजे ई फ्लॅट, आणि तो आकार दोन फ्रेट वर सरकवला की एफ. मोकळी तार एकही नाही, आणि स्काच्या गिटारला नेमकं तेच हवं असतं. कारण खाली येईलच.

स्वरलिपीचा प्रश्न उरतो. काही मास्तर स्टाफ नोटेशन, म्हणजे रेघांवर लिहिलेली पाश्चात्त्य स्वरलिपी, वाचतात, बरेच कानावर वाजवतात. सरगम लिहून द्या. त्यात फायदा असा की एकच ओळ तिघांनाही चालते, फक्त सा कुठला ते ज्यानं त्यानं आपल्या वाद्यावर ठरवायचं. सोबत प्रत्येकाची ओळ वेगळी रेकॉर्ड करून व्हॉट्सॲपवर टाका. पुढच्या तालमीला ती पाठ होऊन येते. गिटारवाल्यांची होईलच असं नाही.

खटका

उभे राहा, उजवा पाय जमिनीवर आपटत मोजा: एक-आणि-दोन-आणि-तीन-आणि-चार-आणि. पाय खाली तेव्हा आकडा, पाय वर तेव्हा "आणि". आता टाळी फक्त "आणि"वर द्या. सोपं वाटतं, पण मिनिटभरानं टाळी हळूच पायाबरोबर येऊन बसते. ती "आणि"वर पक्की होत नाही तोवर गिटार हातात घेऊ नका. अख्ख्या बँडनं हे एकत्र करायचं, ट्रंपेटवाल्यांसकट.

मग गिटार. वाजवायच्या फक्त बारीक तीन तारा, हात खालून वर नेत, त्या "आणि"वर. खरं काम मात्र डाव्या हाताचं. बार धरलेली बोटं आवाज निघाल्या क्षणी ढिली करायची, उचलायची नाहीत. तारेला टेकलेलीच राहतात, फक्त दाब जातो आणि सूर तिथंच मरतो. मोकळी तार असती तर ती घुमत राहिली असती, म्हणून बार कॉर्ड. ऐकू काय यायला हवं? "च्यँक" नव्हे, "चक्". ब्रिजकडचा पिकअप लावा, ॲम्पवरचा बेस अर्ध्याखाली आणा, आणि या भागात डिस्टॉर्शनचा पेडल अजिबात दाबू नका.

मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) मिनिटाला १२० ठोक्यांवर लावून सुरू करा. तिथं स्वच्छ वाजलं तर १४०, मग १६०. पंकच्या भागासाठी १८० च्या पुढंही जाता येतं, पण घाई नको. आणखी एक युक्ती: मेट्रोनोमचा ठोका म्हणजे "आणि" असं धरा आणि आकडा तुम्ही स्वतः मनात ठेवा. ज्याला हे जमलं त्याचा ताल स्टेजवर सुटत नाही.

ड्रम आणि बेस

कडव्यात हाय-हॅट "आणि"वर, स्नेअर दोन आणि चारवर, कधी काठीच्या कडेनं. बेसनं चालत राहायचं, प्रत्येक आकड्यावर एक सूर, कॉर्डच्या सुरांवरून जिना चढल्या-उतरल्यासारखं. बेसवाला कंटाळला आणि मधेच बोटांची करामत दाखवायला लागला की गाणं कोसळतं. त्याला समजावून सांगा की नाचणाऱ्याचे पाय त्याच्या ताब्यात आहेत.

ध्रुपदात, म्हणजे कडव्यांनंतर परत परत येणाऱ्या भागात, पंक येतो. ड्रमवर किक-स्नेअर-किक-स्नेअर अशी धाव, गिटार डिस्टॉर्शनवर, पूर्ण कॉर्ड, सरळ खाली हात. दोन भागांतला हा फरक हाच स्का-पंकचा सगळा खेळ. म्हणून कडवं जितकं कोरडं आणि मोकळं ठेवाल तितकं ध्रुपद अंगावर येईल. पेडलचा व्हॉल्यूम असा लावा की डिस्टॉर्शन चालू केल्यावर आवाज भरीव होईल, पण गायक गाडला जाणार नाही.

फुंकीची वाद्यं बसवणं

वरातीत सूर लांबवतात. रस्ता मोठा, ताशाचा गलका, वर फटाके. तिथं सूर तुटला तर ऐकूच जाणार नाही. त्यामुळे पहिल्या तालमीला संवाद असा होतो:

"मास्तर, इथं सूर धरू नका. तोडा."

"तोडला तर लोक म्हणतील, गड्याचा दम संपला."

"पुढच्या मात्रेला ड्रम पडतो ना, त्याला जागा द्यायची."

"मग तसं सांगा की. हे आम्ही पोलिस ग्राउंडला संचलनात करत होतो."

मनातल्या मनात "तत्" म्हणत वाजवायला सांगा: जिभेनं सुरुवात, जिभेनंच शेवट. तिघांचा शेवट एकाच क्षणी आला पाहिजे. सुरुवात चुकली तर लोक माफ करतात. शेवट पुढेमागे झाला की मात्र ढिसाळ वाटतं.

ओळी बांधताना मुख्य चाल ट्रंपेटला, सॅक्सोफोन त्याखाली तिसऱ्या सुरावर, युफोनियम खालच्या सप्तकात. तिघांनी एकच चाल एकत्र वाजवली तरी चालतं, उलट ती जास्त दणकते. कडव्यात गायक गातोय तोवर त्यांनी गप्प राहायचं, ओळ संपल्यावर दोन-चार सुरांचा जबाब द्यायचा. ट्रंपेटला सतत तार सप्तकात ठेवू नका, ओठ थकतात आणि शेवटच्या गाण्यात सूर फाटतो. दोन जड गाण्यांच्या मधे एक हलकं ठेवा.

सूर जुळवण्याबद्दल एक. हवा तापली की फुंकीच्या वाद्यांचा सूर चढतो, गारठ्यात उतरतो. आपल्याकडच्या एप्रिलच्या दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये जुळवलेला ट्रंपेट डिसेंबरच्या रात्री उघड्या मैदानावर तिथं राहणार नाही. वाद्य पाच-दहा मिनिटं फुंकून गरम करा, मग ट्यूनरवर ४४० ला जुळवा. स्टेजवर चढण्याआधी पुन्हा एकदा.

शब्द मराठी ठेवा. चाल नाचरी आणि शब्द चिडलेले, ही या संगीताची जुनी रीत आहे. टू टोनवाले बेकारी आणि वंशद्वेषावर गात होते आणि खाली लोक नाचत होते. सांगलीकराला विषय शोधायला लांब जायला नको: उसाचा दर, पुराच्या पंचनाम्याच्या याद्या, पुण्याला निघालेली शेवटची एसटी. शब्द आखूड घ्या. "आणि"वर गिटार आहे, म्हणून आकड्यावर पडणारी अक्षरं चांगली उमटतात.

साउंडवाल्याशी बोलणं

आपल्याकडचा ऑपरेटर ऑर्केस्ट्रा, कीर्तन आणि डॉल्बी यात तयार झालेला असतो. कष्टाळू माणूस, पण दोन सवयी घेऊन येतो. एक, प्रत्येक माइकला एको. दोन, खालचा बेस पूर्ण वर. दोन्हीनं स्का मरतो. तुम्ही महिनाभर घाम गाळून तोडलेला सूर एको परत जोडून देतो, आणि डॉल्बीच्या घुमाऱ्यात बेसचं चालणं नुसतं गुरगुरणं होऊन जातं. भांडू नका. चहा पाजा आणि कार्यक्रमाआधीच कागदावर स्टेजचा नकाशा काढून द्या: कोण कुठं उभं, कुठला माइक, कुठला प्लग.

किक, स्नेअर, ड्रमच्या वर एक, बेस थेट डीआय बॉक्समधून (वाद्य माइकशिवाय मिक्सरला जोडणारी डबी), गिटारच्या ॲम्पसमोर एक, गायनाचे दोन, फुंकीचे तीन. दहा चॅनल झाले, बारा चॅनलचा मिक्सर पुरतो. गायनाला शुअर एसएम ५८, ॲम्पला आणि फुंकीला एसएम ५७ मिळाले तर उत्तम. नसतील तर त्या जातीचे कुठलेही डायनॅमिक माइक. सॅक्सोफोनला माइक लागतोच. छोट्या हॉलमध्ये ट्रंपेट माइकशिवायही भिंत पाडतो, म्हणून मांडणी करताना त्याला मागे आणि सॅक्सोफोनला पुढे ठेवा. अंतर वीतभर. मास्तरांना चालत वाजवायची सवय, त्यामुळे जमिनीवर रंगीत टेप लावून जागा ठरवून द्या.

साउंड चेक खालून वर करा. आधी किक आणि बेस. बेसचा प्रत्येक सूर वेगळा ऐकू येतोय का, हे हॉलच्या शेवटच्या रांगेत उभं राहून बघा. मग स्नेअर, मग गिटार. गिटारमधला १५० हर्ट्झखालचा भाग कापायला सांगा, ती जागा बेसची आहे. मग गायन, १०० हर्ट्झखाली कापलेलं. शेवटी फुंकी. कर्कश वाटली तर दोन ते चार किलोहर्ट्झच्या पट्ट्यात थोडं खाली. रिव्हर्ब हवाच असेल तर गायनाला चिमूटभर, एको शून्य. सगळ्यात मोठं ध्रुपद वाजवून बघा, कडवं नव्हे, कारण स्पीकरचा आवाज माइकमध्ये परत शिरून शिट्टी तिथंच मारते. मॉनिटर, म्हणजे वादकांना स्वतःचं ऐकू येण्यासाठीचा स्पीकर, माइकच्या बरोबर पाठीमागे, गायकाकडे तोंड करून. माइकची जाळी मुठीत धरणारा गायक असेल तर त्याला तिथंच थांबवा, त्यानंही शिट्टी येते.

ड्रमरच्या मॉनिटरमध्ये बेस आणि गायक, फुंकीवाल्यांच्या मॉनिटरमध्ये गिटार आणि ते स्वतः. रिकाम्या हॉलमध्ये घुमणारा आवाज माणसं भरली की कमी होतो, त्यामुळे चेकला हॉल थोडा घुमला म्हणून घाबरून सगळं बदलू नका.

कान सांभाळा. ८५ डेसिबलला आठ तास ही कामाच्या ठिकाणी सुरक्षित धरलेली मर्यादा. पुढं दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. तालमीच्या बंद खोलीत ट्रंपेटपुढं १०० सहज ओलांडतात. मेडिकलमध्ये फोमचे इअरप्लग मिळतात, खिशात ठेवा.

जागा, परवानगी, वेळ

विष्णुदास भावे नाट्यमंदिर किंवा साताऱ्याचं शाहू कला मंदिर यांचं नाव मोठं, पण ती खुर्च्यांची नाट्यगृहं आहेत. बसून ऐकायचं संगीत हे नव्हे. मंगल कार्यालयाचा हॉल, लग्नाची तिथी नसलेल्या दिवशी, खुर्च्या भिंतीला लावून, हा जास्त चांगला पर्याय. भाडंही त्या दिवशी खाली येतं. उघड्यावर वाजवणार असाल तर लाउडस्पीकरची परवानगी पोलिस ठाण्यातून आधी काढा. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, आणि निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. म्हणून सातला सुरू करा, साडेनऊला आवरा. विजेचं विचाराल तर गिटारचे ॲम्प आणि स्टेजचे दिवे वेगवेगळ्या लाइनवर घ्या, आणि अर्थिंग आहे का ते वायरमनला दाखवायला लावा.

चाळीस मिनिटं

पहिल्या कार्यक्रमाला चाळीस मिनिटं पुरे, दहा-अकरा गाणी. गाण्यांमधे बडबड नको. गायक बोलत असताना बेस आणि हाय-हॅट चालू ठेवा, म्हणजे नाचणाऱ्यांचे पाय थांबत नाहीत. चार वेगवान गाण्यांनंतर एक रेगेच्या चालीचं संथ, त्यावर लोकांना श्वास मिळतो आणि ट्रंपेटवाल्याच्या ओठांनाही.

सुरुवात कशी करायची? फुंकीवाल्यांना मागच्या दारातून आणा. दिवे बंद, स्टेजवर कुणी नाही, आणि पाठीमागून वरातीसारखे तिघं वाजवत गर्दीतून पुढं. या एंट्रीपुढं कुठलाच एलईडी पडदा टिकत नाही, आणि मास्तर लोकांचा हा हातखंडा. फक्त ते स्टेजवर चढेपर्यंत ड्रमरनं वाजवायचं नाही. वीस मीटरवरून आवाज यायला सेकंदाचे सहा शतांश लागतात. १६०च्या लयीत आकडा ते "आणि" हे अंतर सेकंदाच्या जेमतेम एकोणीस शतांशांचं. म्हणजे मागचे आणि पुढचे एकमेकांना ऐकून वाजवायला गेले तर ताल फाटणारच. शेवटच्या वादकानं पायरीवर पाय ठेवला की ड्रमरनं चार काठ्या द्यायच्या, आणि मग सगळे.

पूर्ण कार्यक्रम मिक्सरवरून नव्हे, तर हॉलच्या मध्यावर फोन ठेवून रेकॉर्ड करा. दुसऱ्या दिवशी ऐकताना लय आधी मोजा. स्टेजवर प्रत्येक बँड पळतो. पहिलं गाणं १६०चं १७५ वर गेलं असेल, तर पुढच्या वेळी ड्रमरच्या कानात क्लिक, म्हणजे मेट्रोनोमचा ठोका, द्या.

आणि बिदागी त्याच रात्री, दिवे काढायच्या आधी. मास्तरांना आणि पोरांना सारखी.